फीवाढीविरुद्ध उभं राहायचंय? आधी पावत्या गोळा करा

परवा जिंतूरहून एका पोरीचा फोन आला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझा नंबर कुणाकडून तरी मिळवलेला.

"ताई, आमच्याकडं फी वाढवली. सोमवारी मोर्चा काढायलोत. बॅनरवर काय लिहावं?"

मी विचारलं, "मागच्या वर्षीची पावती आहे का तुझ्याजवळ?"

"असंल कुठंतरी. शोधावी लागंल."

"मग बॅनर राहू दे. आधी ती शोध."

हिरमुसली असणार. मोर्चाच्या तयारीत असलेल्या माणसाला कुणी कागद मागितला की राग येतोच. २०१८ साली मलाही आला होता. तेव्हा मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होते, मराठवाड्यातल्याच एका सरकारी विद्यापीठात. नाव लिहीत नाही, माझ्या गाइडची नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. त्या वर्षी आमच्या कृती समितीनं साडेचार महिने भांडून काही मिळवलं, काही घालवलं. आता मी सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाहून एसटीनं जाऊन तासिका तत्त्वावर शिकवते. प्रवेशाचे दिवस आले की असे फोन सुरू होतात. दरवेळी तेच सांगायचं, त्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

पावत्या मांडायच्या कशा

फी वाढली म्हणतो तेव्हा आपण चलनाच्या तळाचा एकच आकडा बघत असतो. वाढ त्या आकड्यात दिसते, पण झालेली असते वरच्या ओळींमध्ये. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक विभागातून मागच्या वर्षीच्या आणि यंदाच्या पावत्या जमवायच्या. फोटो चालतील, पण नाव, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) आणि मोबाइल नंबर झाकून घ्या. ज्याची पावती आहे त्याला उद्या कुणी बोलावून घेऊ नये.

आम्ही नऊ विभागांतून ६३ पावत्या जमवल्या आणि हॉस्टेलच्या खोलीत फरशीवर मांडल्या. ऑक्टोबरचा उकाडा. पंखा लावला की पावत्या उडायच्या, बंद केला की आम्ही घामानं निथळायचो. शेवटी मेसमधून स्टीलच्या वाट्या आणून एकेका चळतीवर ठेवल्या. शिक्षण शुल्क, प्रवेश, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, अश्वमेध (म्हणजे विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव), विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन, विमा, ई-सुविधा, ओळखपत्र, परीक्षा. खेळायला कधी मैदानावर न गेलेल्या आम्ही अश्वमेधाचे पैसे दरवर्षी भरत होतो, हे बहुतेकींना त्या रात्री कळलं.

त्याच आठवड्यात विद्यापीठानं पत्रक काढलं होतं, 'शिक्षण शुल्कात एक रुपयाचीही वाढ केलेली नाही.' आम्ही गेटवर जाऊन 'खोटारडे प्रशासन हाय हाय' करून आलो होतो. पावत्या मांडल्यावर लक्षात आलं की पत्रक खरं होतं. शिक्षण शुल्क जिथल्या तिथं होतं. वाढली होती परीक्षा फी, ई-सुविधा आणि प्रयोगशाळा. खोटं आमचंच ठरलं असतं, तेही भर चौकात.

आणि मग रसायनशास्त्राच्या मैत्रिणीनं एका ओळीवर बोट ठेवलं. "ही अनामत कुठं गेली गं?"

मागच्या वर्षीच्या पावतीवर 'ग्रंथालय अनामत ५००' होतं. यंदा त्याच जागी, त्याच आकड्यानं, 'ग्रंथालय विकास निधी ५००'. बेरीज केली तर फरक शून्य. पण अनामत कोर्स संपल्यावर परत मिळते, विकास निधी परत मिळत नाही. म्हणजे नाव बदलून पाचशे रुपये गेले आणि ते कुठल्याच वाढीच्या टक्केवारीत दिसणार नव्हते. आम्ही बराच वेळ ती पावती एकमेकींच्या हातात देत राहिलो.

हा प्रकार काही आपल्याकडचाच नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ साली, दिल्लीत जेएनयूमध्ये हॉस्टेलचं एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० करायचं ठरलं तेव्हा बातम्यांमध्ये तोच आकडा गाजला. खरा बोजा होता नव्यानं लावायच्या सेवा शुल्काचा, महिन्याला १,७०० रुपये. भाड्यावरून आरडाओरडा झाला आणि त्यात थोडी माघार घेतली गेली, तरी तिथली पोरं सेवा शुल्कावर अडून बसली, ती याचमुळं.

तक्ता साधा करा. डावीकडं शीर्षांची, म्हणजे पावतीवरच्या एकेका ओळीची, नावं, पुढं मागची तीन वर्षं, शेवटी फरक. त्याखाली तीन माणसांची बेरीज वेगवेगळी काढा: शिष्यवृत्ती नसलेला, शिष्यवृत्तीवाला आणि फेलोशिप नसलेला पीएच.डी.चा. तिघांचे आकडे एकसारखे येत नाहीत आणि पुढं माणसं जोडताना हाच तक्ता उपयोगी पडतो. 'दरवर्षी फक्त १० टक्के' असं कुठं लिहिलेलं दिसलं तर तिथं लाल पेन वापरा. दरसाल १० टक्क्यांनी सात वर्षांत फी जवळजवळ दुप्पट होते. एम.ए.ला आलेला पोरगा पीएच.डी. संपवून बाहेर पडेपर्यंत तेवढी वर्षं जातातच.

वाढ केली कुणी

'विद्यापीठानं फी वाढवली' हे वाक्य निवेदनात लिहू नका. विद्यापीठ म्हणजे कोण? परिपत्रकावर सही कुलसचिवांची किंवा उपकुलसचिवांची असते, पण ते फक्त कळवणारे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये शुल्क निश्चिती समितीची तरतूद आहे, आणि पैशाच्या गोष्टी व्यवस्थापन परिषदेपुढं जातात. परिपत्रकात बघा, कुठल्या बैठकीतल्या कितव्या ठरावानुसार म्हटलंय. ठरावाचा उल्लेखच नसेल तर तुमचं निम्मं काम झालं. तोच पहिला प्रश्न.

उल्लेख असेल तर माहिती अधिकार. इथं मी दोनदा तोंडावर आपटले आहे, तेवढं सांगते. पहिला अर्ज मी तीन पानी लिहिला, त्यात विद्यापीठाच्या स्थापनेपासूनचा हिशोब मागितला. परत आला, कारण महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. दुसऱ्या अर्जात विचारलं, 'फी का वाढवली?' उत्तर आलं, 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' बरोबरच होतं त्यांचं. या कायद्यानं कागद मागता येतो, कारण विचारता येत नाही. तिसऱ्यांदा असं लिहिलं:

'पदव्युत्तर विभागांच्या चालू वर्षाच्या शुल्कवाढीसंबंधी शुल्क निश्चिती समितीच्या बैठकांचे इतिवृत्त, व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवलेली टिप्पणी व त्यावरील ठराव, तसेच मागील तीन वर्षांचे शीर्षनिहाय शुल्क जमा व खर्चाचे विवरण यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.'

१० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नको, कार्डाची प्रत जोडा. मुदत ३० दिवसांची. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. तिथंही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, पण तोवर तुमचा कोर्सच संपलेला असतो, म्हणून त्या भरवशावर राहू नका.

अर्ज कुणाच्या नावानं, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्याचा प्रबंध अजून गाइडच्या टेबलावर आहे, ज्याची व्हायवा राहिली आहे, त्याला पुढं करू नका. आमच्याकडं नुकतीच पदवी हातात पडलेला आणि गावी किराणा दुकान सांभाळणारा एक सिनिअर होता. त्याच्या नावानं सगळे अर्ज गेले. त्याला कुणी काय करणार होतं, उधारी बंद?

तिसऱ्या अर्जाचं उत्तर ३४व्या दिवशी आलं. त्यातून ई-सुविधा शुल्काच्या नावानं जमा झालेली रक्कम आणि त्या शीर्षावरचा खर्च यांचा ताळमेळ लागत नाही, हे दिसलं. घोटाळा होता असं मी म्हणत नाही. पैसा दुसऱ्या कामाला गेला होता. कुठं, तेही त्याच विवरणात कळलं: कंत्राटी कर्मचारी आणि तासिकेवरच्या शिक्षकांच्या मानधनाला. शासन मंजूर आणि भरलेल्या पदांचा पगार देतं. रिकाम्या जागांवर जो तासिकेचा माणूस उभा केला जातो, त्याचा खर्च अनेकदा विद्यापीठाच्या स्वतःच्या फंडातून निघतो, आणि फंड म्हणजे शेवटी तुमची आमची फी. विभागात सातपैकी चार जागा रिकाम्या का, हा प्रश्न आम्हाला तोवर अभ्यासाचा वाटत होता, फीचा नाही.

यावरून एक खटका उडाला होता. समितीतले काही म्हणाले, तासिकावाल्यांचं मानधन आमच्या खिशातून का? मी तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलले होते. आज मी स्वतः तासिकेवर आहे, त्यामुळं माझं मत बदललंय हे उघड आहे, पण नुसतं त्यामुळं नाही. शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांच्या पैशावरून भांडले की ज्यानं पदं भरायची तो मुंबईत निवांत बसतो. तासिकेच्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटा. उघड पाठिंबा देणार नाहीत, देऊ शकत नाहीत, पण कुठला कागद कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

'आमचं तर सरकार भरतं'

माणसं जोडायला निघालात की हे वाक्य दहापैकी सात खोल्यांत ऐकू येईल. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. त्यामुळं फीवाढ ही शेजाऱ्याच्या घरची आग वाटते.

तिथं भाषण देऊ नका. त्याची पावती काढायला लावा आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, मंजूर झालेली रक्कम शेजारी ठेवा. शिष्यवृत्तीत ठरावीक शीर्षंच येतात. बाकीची ओळ न् ओळ खिशातून जाते. वाढ नेमकी त्या बाकीच्या ओळींत केलेली असते. पोरींना वाटतं आपल्याला आता सगळंच माफ. २०२४-२५ पासूनची मुलींची माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, तीही शिक्षण आणि परीक्षा शुल्काची, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. मराठीत एम.ए. करणारीला तिचा उपयोग नाही. शिवाय सरकारचे पैसे येईपर्यंत 'आधी भरा, जमा झाल्यावर देऊ' म्हणतात, गुणपत्रिका अडवतात. हे ज्याला एकदा सोसावं लागलंय तो लगेच उठून बसतो.

पीएच.डी.वाल्यांची गत वेगळी. बाहेर सगळ्यांना वाटतं हे लोक फेलोशिपवर मजा करतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची किंवा यूजीसीची फेलोशिप असेल तर महिना ३७,००० चा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण तो निवड झालेल्यांना आणि येईल तेव्हा. बाकीच्यांना शून्य. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी शिकवणारे संशोधक विद्यार्थी कर्मचारी धरले जातात, म्हणून त्यांच्या युनियन असतात; कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या नोव्हेंबरात सुमारे ४८,००० जण संपावर गेले होते. आपल्याकडं पीएच.डी.चा विद्यार्थी तास घेतो, पेपर तपासू लागतो, गाइडच्या सेमिनारला खुर्च्याही लावतो, पण कागदावर तो फी भरणारा. त्यामुळं संप हे आपलं हत्यार नाही.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण आमची लढाई तिथं फिरली. आमच्या समितीत धारूरकडचा एक पोरगा होता, इतिहासाचा. बैठकीत कधी बोलायचा नाही. एकदा विलंब शुल्काचा विषय निघाला, दिवसाला ५० रुपये. कुणीतरी म्हणालं, तारखेच्या आत भरा की, कशाला तो मुद्दा घेता? तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"आमच्या घरी पैसा वर्षातून एकदाच दिसतो. मुकादम उचल देतो तवा. ह्यांची शेवटची तारीख सप्टेंबरात. दसऱ्याच्या आत उचल भेटत न्हाई. माय-बाप एकदा कारखान्यावर गेले की पाडव्यालाच माघारी येतेत. मंग मी सप्टेंबरात काय इकू?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायला बसलो, किती जणांच्या घरी ऊसतोड आहे, किती जणांची फी सोयाबीनच्या पट्टीवर अवलंबून आहे. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापूस त्याच्याही नंतर. शेवटची तारीख मात्र ठरवणाऱ्यानं पगाराचं कॅलेंडर डोळ्यांपुढं ठेवून ठरवलेली. ज्या मुद्द्याला आम्ही किरकोळ समजत होतो तोच पुढं आमची पहिली मागणी झाला, आणि तो एकमेव मुद्दा होता ज्यावर समोरच्या साहेबांकडं उत्तर नव्हतं.

दुष्काळाचंही बघा. राज्य सरकार दुष्काळ जाहीर करतं तेव्हा ज्या ठरावीक सवलती लागू होतात, त्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी असते, कृषिपंपाच्या बिलातल्या ३३.५ टक्के सवलतीच्या शेजारीच. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुके जाहीर झाले, त्यांत मराठवाड्यातले कितीतरी होते. २०२३ मध्ये ४० तालुके आणि वर शेकडो महसूल मंडळं. ही कुणाची मेहेरबानी नाही, शासन निर्णय आहे. आपला तालुका, आपलं मंडळ यादीत आहे का ते बघा, यादीची प्रत निवेदनाला जोडा. 'आधी भरा, माफी खात्यावर येईल' हे आम्ही ऐकून घेतलं ही चूक. माझे पैसे दोन वर्षांनी आले, तोवर ते खातं बंद पडायला आलं होतं.

समिती, वही आणि ३,१४० रुपये

रजिस्टर करायची गरज नाही. सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात, ती मिळतील; पण धर्मादाय कार्यालयाच्या चकरा मारण्यात सेमिस्टर संपेल. 'विद्यार्थी कृती समिती' एवढं नाव पुरतं. विभागागणिक दोघं, त्यांत एक मुलगी. हॉस्टेलच्या दारांना रात्री कुलूप लागतं, त्यामुळं बैठका रात्री घेतल्या की पोरी आपोआप बैठकीबाहेर राहतात. दुपारी कँटीनच्या मागं घ्या.

निर्णय मात्र विभागात घ्या, समितीत नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात सरकारनं वार्षिक फी पाच वर्षांत २,१६८ डॉलरवरून ३,७९३ पर्यंत न्यायचं ठरवलं, तेव्हा २०१२ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी विभागाविभागात सभा घेऊन मतदानानं संप ठरवला, आणि तो चालू ठेवायचा का यावर पुन्हा पुन्हा मत घेतलं. छातीवर लाल कापडाचा चौकोन लावायचे. सप्टेंबरात सरकार पडलं, नव्या सरकारनं वाढ रद्द केली. पुढच्या वर्षी मात्र महागाईशी जोडून साधारण ३ टक्क्यांची वार्षिक वाढ आलीच, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडं सभेला तीसच पोरं येतील. तीस तर तीस. पण हात वर करून मोजलेले तीस वेगळे आणि व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवणारे तीनशे वेगळे.

वहीचं शिकले मी आईकडून. तिचा बचत गट आहे. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात आंदोलनाचं सांगत होते. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं नुस्तं बोलणंच हाय का लिहून बी ठिवता?" मी गप्प. तिच्या गटात अंगठा असो की सही, दर महिन्याला ठराव वहीत येतो, कोण आलं, कोण नाही, किती जमले. आमच्या पाच बैठका झाल्या होत्या आणि एका ओळीची नोंद नव्हती.

त्याचं फळ मिळालंच. फ्लेक्स, झेरॉक्स, चहासाठी आम्ही ३,१४० रुपये वर्गणी गोळा केली होती, वीस-पन्नासच्या नोटांत, पावतीशिवाय. दिवाळीनंतर हॉस्टेलात कुजबूज सुरू झाली की समितीवाल्यांनी पैसे खाल्ले. कुणी उठवली ते कळलं, पण सिद्ध काय करणार? हिशोबच नव्हता. दुसऱ्यांकडं शीर्षनिहाय खर्च मागणाऱ्या आम्ही स्वतः एक कागद दाखवू शकलो नाही. दोन विभाग तिथंच गळाले. मग स्टेशनरीच्या दुकानातून चाळीस रुपयांचं पावती पुस्तक आणलं. ते पहिल्या दिवशी आणा.

झेंड्यांचं काय? विद्यार्थी संघटना येतील, येऊ द्या. त्यांच्याकडं माइक असतो, वकील असतो, पोलीस ठाण्यात ओळख असते. एकच अट: गेटवर सगळ्यांचे झेंडे किंवा कुणाचाच नाही, आणि चर्चेला आत समितीच जाणार. शिवाय मराठवाड्यात विद्यार्थ्यांची चळवळ म्हटलं की जातीचा इतिहास मागं उभा असतोच. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षं इथल्या घराघरांत अजून दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली जातात. 'इथं जातबीत काही नाही' असं म्हणून बैठक सुरू करू नका. शिष्यवृत्तीवरून टोमणा मारणारा पहिला माणूस निघाला की सगळं फुटतं. त्याला तिथंच थांबवा आणि पावत्यांचा तक्ता पुढं करा. खुल्या गटातल्या पोरावरचा बोजा आणि शिष्यवृत्तीवाल्याच्या खिशातून गेलेली रक्कम एकाच कागदावर आली की बोलणं खाली येतं.

साहेबांसमोर

निवेदन आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं धरा. साहेबांच्या हातात देऊन फोटो काढला म्हणजे पोच होत नाही.

मागण्या तीनच. आम्ही पहिल्यांदा अकरा नेल्या होत्या. साहेबांनी चष्मा वर करून सगळ्या शांतपणे वाचल्या आणि नवव्या क्रमांकावर थांबले: हॉस्टेलला थंड पाण्याचा कूलर. "हे योग्य आहे. हे आजच मंजूर." लगेच छायाचित्रकार आला. दुसऱ्या दिवशी पेपरात चौथ्या पानावर आम्ही हसतमुख उभे, मथळा 'विद्यार्थ्यांच्या मागण्या मान्य'. कूलर आला, वाढ राहिली. ती नववी मागणी माझीच होती.

दुसऱ्यांदा तीन नेल्या. वाढ फक्त नव्या प्रवेशांना लावा, शिकत असलेल्यांना जुना दर. अनामत पुन्हा अनामत करा. विलंब शुल्क रद्द करून शेवटची तारीख डिसेंबरात न्या. तिन्हींसोबत तक्ता. पहिला प्रश्न ठरलेला आला, "तुम्ही पीएच.डी.वाले, तुम्हाला फेलोशिप मिळते, तुम्हाला काय त्रास?" तेव्हा मी नाही, धारूरचा पोरगा बोलला. आत जाणाऱ्या पाचांत असा एक हवाच.

दुसरं ठरलेलं उत्तर असतं, "शासन पैसा देत नाही, आम्ही काय करणार?" यावर वाद घालू नका. म्हणा, "मग साहेब, रिक्त पदांचं पत्र शासनाला पाठवा आणि त्याची प्रत आम्हाला द्या." आणि बैठक संपायच्या आत तिथंच बसून चर्चेचं इतिवृत्त लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. 'नंतर पाठवतो' म्हणाले तर उठू नका.

धरणं धरायचं असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा. जिल्ह्यात जमावबंदी आहे का ते बघा. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश बहुतेक असतोच. म्होरक्यांच्या नावानं नोटीस येईल, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ ची म्हणायचे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६८. ती म्हणजे गुन्हा नव्हे, ताकीद आहे. सही करून प्रत घ्या आणि घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर गावात पोलीसपाटलाकडून कळतं आणि बाप पहिल्या गाडीनं येऊन उभा राहतो. पोरींच्या बाबतीत तर तो परत घेऊनच जातो. आमच्या दोघी तशा गेल्या, एक पुन्हा आली नाही.

आमचा सगळ्यात चांगला फ्लेक्स कुठला होता सांगू? घोषणा एकही नव्हती. सहा फूट बाय चार फुटांची फीची पावती छापली, डावीकडं जुनी, उजवीकडं नवी, 'अनामत' या शब्दाभोवती लाल गोल. प्रवेशाला आलेले पालक तिच्यापुढं उभे राहून वाचायचे. एक म्हातारे गृहस्थ खिशातली पावती काढून ताडून बघत होते.

कोर्टाचं विचारतात सगळे. खंडपीठ जवळ आहे, जाता येतं. जेएनयूच्या प्रकरणात २०२० च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं तेवढ्यापुरतं जुन्या दरानं नोंदणी करू द्यायला सांगितलं होतं, असा तात्पुरता दिलासा मागता येतो. पण प्रकरण कोर्टात गेलं की साहेबांना 'विषय न्यायप्रविष्ट आहे' हे वाक्य मिळतं आणि पोरं घरी जातात. माझ्या मते ते शेवटचं.

त्याऐवजी अधिसभेकडं, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटकडं, लक्ष द्या. नोंदणीकृत पदवीधरांमधून तिथं दहा सदस्य निवडून जातात. पदवी झाली की नाव नोंदवा, फॉर्म भरायचा कंटाळा करू नका. अर्थसंकल्पाची बैठक मार्चच्या सुमारास असते; तुमच्या सदस्याला त्याआधी पुरेशा दिवसांनी लेखी प्रश्न द्या, तक्ता जोडून. आयत्या वेळी उठून बोललेलं कुणी ऐकत नाही, लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं.

आम्हाला काय मिळालं? विलंब शुल्क गेलं, तारीख १५ डिसेंबर झाली. जुन्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेची वाढ लागली नाही. परीक्षा फी कमी झाली नाही, ती अजून वाढतेच आहे. अनामतीबद्दल 'तपासून निर्णय घेऊ' असं इतिवृत्तात आलं आणि पुढच्या वर्षी गुपचूप ती ओळ बदलली. आमच्यापर्यंत ते कुणी कळवलं नाही, एका ज्युनिअरनं पावतीचा फोटो पाठवला तेव्हा समजलं.

जिंतूरच्या पोरीचा काल रात्री मेसेज आला. पावती सापडली होती, भावाच्या पँटच्या खिशात, धुण्यातून निघालेली. चार घड्यांवर शाई गेली आहे, तळाची बेरीज तर वाचताच येत नाही. वरच्या ओळी दिसतात. यंदाची शेजारी ठेवून पाठव म्हटलंय.